मॉप, बोट आणि दोन सिरिंजा

यकृत कापलं की रक्त एका तोंडातून येत नाही. कापलेल्या सगळ्या भागावर ते बारीक बारीक पाझरत राहतं. आर्टरी फोर्सेप्स लावावा तर धरायला टोकच सापडत नाही. डॉक्टर त्याला ऊझिंग म्हणतात. आमच्या वेळी त्यावर इलाज म्हणजे गरम सलाइनमधून पिळून काढलेला गॉजचा मॉप आणि सर्जनचा तळहात. मॉप ठेवायचा, दाबून उभं राहायचं. घड्याळ बघायचं काम सिस्टरचं. पाच मिनिटं पुरी व्हायच्या आत मॉप उचलला की नुकती धरलेली गुठळी त्याला चिकटून निघायची आणि सगळं पहिल्यापासून.

मी मुंबईत पालिकेच्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. केसेस आटोपल्या की मावशींबरोबर बसून गॉज कापायचं, घड्या घालायच्या, ड्रम भरून ऑटोक्लेव्हला पाठवायचे. मोठ्या ऑपरेशनात भिजलेले मॉप काट्यावर टाकायचे. कोरड्या मॉपचं वजन वजा केलं की उरलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर रक्त. आकडा वाढला की बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या हातात रक्ताची चिठ्ठी जायची आणि त्यांची पळापळ सुरू व्हायची. पैसे घेऊन रक्त देणारेही तेव्हा सहज मिळायचे. रक्ताची एचआयव्ही तपासणी १९८९ मध्ये सक्तीची झाली, पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी १ जानेवारी १९९८ पासून आली. त्याआधी परक्या रक्ताची प्रत्येक बाटली लावताना धाकधूक असायची. म्हणून एकेक मॉप कमी भिजावा यासाठी सगळं थिएटर जिवाचं रान करायचं.

फायब्रिन ग्लू, म्हणजे असं रक्त थांबवणारा गोंद, मी पहिल्यांदा पाहिला तो घरगुतीच. रक्तपेढीतून प्लाझ्मापासून केलेलं क्रायो यायचं, त्यात फायब्रिनोजेन हे गुठळीचं प्रथिन भरपूर. ते एका सिरिंजमध्ये, दुसरीत थ्रॉम्बिन आणि कॅल्शियम. दोन्ही एकदम जखमेवर सोडायचं. थ्रॉम्बिन बहुधा गाईच्या रक्तातलं असायचं. काही रुग्णांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती रुग्णाच्याच रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर फाइव्हवर उलटतात आणि रक्तस्राव वाढतो, हे पुढे कळलं. आता मानवी थ्रॉम्बिन वापरतात.

कल्पना जुनीच. बर्गेल यांनी १९०९ मध्ये फायब्रिनची पूड रक्त थांबवायला वापरली. यंग आणि मेडावर यांनी १९४० मध्ये प्राण्यांचे तुटलेले मज्जातंतू प्लाझ्माने चिकटवले. हे मेडावर म्हणजे पुढे नोबेल मिळालेले. १९७२ मध्ये व्हिएन्नात हेलेन मात्रास यांनी जास्त दाट फायब्रिनोजेन घेऊन तो धागा पुन्हा उचलला आणि युरोपात तयार किट आली. अमेरिकेने मात्र अनेकांच्या एकत्र प्लाझ्मातून काढलेल्या फायब्रिनोजेनचा परवाना काविळीच्या भीतीने १९७८ मध्ये काढून घेतला. विषाणू निष्प्रभ करण्याच्या पद्धती रुळल्यावर, १९९८ मध्ये, तिथे पहिल्या किटला मान्यता मिळाली.

तयार किटमध्ये दोन सिरिंजा एकाच दट्ट्याला जोडलेल्या असतात, पुढे दोन्हींची एक नळी होते. अ‍ॅरल्डाइटच्या दोन ट्यूबांसारखंच, वेगळ्या असेपर्यंत दोन्ही पातळ. औषध ३७ अंशांपर्यंत कोमट करायचं, जागा कोरडी करून घ्यायची आणि पातळ थर द्यायचा. मध्येच हात थांबला की टोक बुजतं, म्हणून जादा टोकं जवळ ठेवायची. थ्रॉम्बिन जास्त असेल तर काही सेकंदांत पांढुरका, लवचिक थर धरतो. कमी असेल तर मिनिटभर सवड मिळते, त्वचेचा तुकडा सरकवून नीट बसवता येतो. शरीर रक्त गोठवताना शेवटी जे करतं तेच इथे बाहेरून होतं. साधारण दोन आठवड्यांत तो थर शरीरात विरून जातो. रक्तवाहिनीच्या आत मात्र थेंबही जाता कामा नये. आणि उसळती धमनी असली तर ग्लू वाहूनच जातो, तिथे आजही बोट, आर्टरी फोर्सेप्स आणि सिल्कचा टाका.

त्या पाच मिनिटांची आठवण मला फार येते. मॉपवर हात ठेवून आमचे सर रेसिडेंटना शिकवायचे: ही नस कुठून येते, इथे काय तुटू शकतं, आता उचललं तर काय होईल. भूल देणाऱ्या मॅडम तेवढ्यात रुग्णाचं प्रेशर सावरून घ्यायच्या. आता ग्लूमुळे तेवढा वेळ उरत नाही, आणि तिथे जे शिकायला मिळायचं ते दुसरीकडे कुठे मिळताना मी पाहिलं नाही.

तरीही तो काळ परत यावा असं मी म्हणणार नाही. हिमोफिलियाच्या मुलाची एक दाढ काढायची तर पूर्वी घरचे हवालदिल व्हायचे. त्याच्या रक्तात कमी असलेला, रक्त गोठवणारा फॅक्टर महाग, मिळेलच याची खात्री नाही. दाढेच्या खळग्यात ग्लू भरला, टाका घेतला, तोंडातून गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड दिलं तर आता पुष्कळदा कमी फॅक्टरमध्ये भागतं.

पण किटही स्वस्त नाही. नातेवाइकांच्या हातात अजून चिठ्ठी पडते, फक्त रक्तपेढीऐवजी औषधाच्या दुकानाची. हे औषध आता आपल्या देशातही बनतं. ते पालिकेच्या थिएटरच्या फ्रिजमध्ये कायम असावं आणि त्यासाठी बाकावरच्या कुणाला उठावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.