आळस नव्हे, आजार

आमच्या वऱ्हाडात एखाद्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, की घरात पहिला प्रश्न असतो, 'कोनं केलं?' काय झालं, हे विचारायला वर्षं जातात. तोवर भगताचा अंगारा होतो, मेळघाटात भुमक्याकडे, म्हणजे तिथल्या मांत्रिकाकडे, खेपा होतात. आमच्याच अमरावती जिल्ह्यातून निघालेल्या गाडगेबाबांनी असल्या अंधश्रद्धांविरुद्ध आयुष्यभर कीर्तनं केली. 2013मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणं गुन्हा ठरलं. तरी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या मनगटावर दोराचे वळ मी पाहिले आहेत.

पण जीव लावणाऱ्या माणसांकडून होणारा छळ मला जास्त सलतो. माझ्या नात्यातला एक मुलगा, दर्यापूरकडचा. कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले, वाटू लागलं, की आई जेवणात काहीतरी कालवते. 'माह्या हातचं खात नाही हो पोरगं,' एवढंच ती माउली सांगत राही. अमरावतीला इर्विन रुग्णालयात दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांत संशय ओसरला, आवाज विरले. घराला वाटलं, सुटलो. आणि खरा कठीण काळ तिथून सुरू झाला. पोरगा दिवसभर बाजेवर. आंघोळ नको, मित्र नको, विचारलं तर एका शब्दात उत्तर. कापूस वेचायला माणूस मिळत नाही आणि धडधाकट पोरगा भिंतीकडे बघत पडलाय, हे बापाला सोसेना. 'आता त बरा झाला ना, मंग माज आला याले!'

तो माज नव्हता. इच्छा, उत्साह, चेहऱ्यावरचे भाव आटत जाणं हा आजाराचाच दुसरा भाग आहे. गोळ्या आवाजांवर आणि संशयावर चांगलं काम करतात, या भागावर फार कमी. शिवाय काही गोळ्यांनीच सुस्ती येते, वजन वाढतं. ते डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. आपण मात्र गोळीच थांबवतो, किंवा पेरणीच्या घाईत महिन्याची खेप चुकते. मग आवाज परत येतात, आणि लोक म्हणतात, डागदरच्या औषधानं काही झालं नाही.

जगात स्किझोफ्रेनियाचे सुमारे 2.4 कोटी रुग्ण आहेत. बहुतेकांना तो ऐन उमेदीच्या वयात गाठतो. आईबापाच्या वागण्यानं तो होत नाही. पण घरातल्या सततच्या टोचून बोलण्यानं तो उलटण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे.

सातारा, गोवा आणि तामिळनाडूत प्रशिक्षित कार्यकर्ते अशा रुग्णांच्या घरी गेले, घरच्यांशी बोलले, गोळ्यांची आठवण देत राहिले. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा त्यानं थोडा, पण मोजता येईल असा फरक पडला. 2014मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पानं नैराश्यासाठी गावपातळीवर काम केलं, तेव्हा मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. वऱ्हाडातला माणूस ऐकत नाही, ही सबब म्हणूनच मला मान्य नाही.

तुमच्या घरात असं कोणी बाजेवर पडून असेल, तर त्याला बोल लावण्याआधी 14416 या क्रमांकावर फोन करा. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा आहे. ती फुकट आहे, चोवीस तास सुरू असते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.