समासातलं प्रश्नचिन्ह

तीस वर्षं मी लोकांच्या चुका काढून पोट भरतो आहे. दसऱ्याच्या सुमारास दिवाळी अंकांची प्रुफं टेबलावर थप्पीनं पडतात, छापखान्याचा फोन तासातासाला वाजतो आणि नेमकं तेव्हाच एखाद्या मोठ्या लेखकाला ‘आपलं इथं चुकलंय’ म्हणायची वेळ येते. ऱ्हस्वदीर्घाचं काही अवघड नसतं. १९६२ चे चौदा नियम आहेत, १९७२ मध्ये त्यांत आणखी चार आले; ‘नांव’वरचा अनुस्वार काढला तर फार तर एखादा जुना लेखक कुरकुरतो. पंचाईत होते ती मजकुरातल्या चुकीची.

एकदा इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा लेख आला. करारी माणूस, स्वल्पविराम हलवला तरी जाब विचारणारे. लेखात पानिपतची तारीख होती १४ जानेवारी १७६०. साल १७६१ हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तरुणपणी मी लाल पेनानं ‘चूक!’ असं ठोकून दिलं असतं. पण यांच्या हातून हे झालं कसं, ते उमजेना. म्हणून तिथंच थांबून राहिलो.

उत्तर पुढच्याच ओळीत होतं. तिथं तिथी दिली होती: पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हा आपला नेहमीचा हिशेब; त्यानं १७६० च येतात. पण सन जानेवारीत बदलतो आणि शक पाडव्याला. मधल्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. शिवराज्याभिषेकाचं शके १५९६ त्यांनी त्याच लेखात बिनचूक १६७४ केलं होतं. तो ज्येष्ठातला, तिथं ७८ च लागतात.

समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘पौष, म्हणून इथं ७९?’

दुसऱ्या दिवशी फोन. “अहो, सवयीनं हात गेला. एकसष्ट करा.” मग जरा थांबून, “बाकीच्या तारखाही बघता का एकदा?”

प्रश्नचिन्हाचा हा गुण सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. ‘असे चालेल का?’ असं गुळमुळीत विचारलं की लेखक ‘चालेल’ म्हणतो आणि चूक दिमाखात छापली जाते. फर्मा मशीनवर चढायला निघाला असेल तर मी सरळ फोन करून सांगतो. तिथं भिडस्तपणा म्हणजे कामचुकारपणाच.

मला स्वतःला मात्र फार गोडीनं दुरुस्त केलं ते वऱ्हाडातल्या एका लेखिकेनं. तिनं आईवर लिहिलं होतं, ‘माय सैपाक करून रायली होती.’ न विचारता मी ते ‘आई स्वयंपाक करत होती’ केलं होतं. असे बदल लेखभर. अंक निघाल्यावर तिचा फोन आला. छपाईचं कौतुक केलं, चित्राचं केलं, माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाली, “पन भाऊ, माह्या मायले तुमी पुन्याची काऊन केली?”

मला काही बोलता येईना. तीच हसली.

पुढच्या वर्षी तिचं हस्तलिखित आलं. जिथं जिथं ‘रायली’ होतं, तिथं समासात बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘असू द्याल?’