मागची चाके

आमच्या दारात दोन मोटारी उभ्या असतात. एक शहाणी आणि दुसरी माझी.

शहाणी मोटार सौभाग्यवतींची. उंच, ऐसपैस आणि चारही चाकांत जोर असलेली. माझी म्हणजे दोनच माणसांची, कापडी टपाची, लाल रंगाची माझ्दा मियाता. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. १९८९ साली ही मोटार प्रथम बाजारात आली, तेव्हा मी पुण्यात वडिलांच्या स्कूटरला किक मारायला शिकत होतो. पुढे कधीतरी तिचे चित्र पाहिले आणि मनात घर करून बसले. पंचेचाळिशी उलटल्यावर, केस विरळ झाल्यावर, ती जुनी का होईना, पण दारात आली.

अशी मोटार कॅलिफोर्नियाच्या उन्हात शोभावी. आम्ही पडलो बफेलोचे रहिवासी! हे गाव न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठी आहे. थंडी पडली तरी सरोवराचे पाणी उन्हाळ्याची ऊब धरून असते. त्यावरून गार वारा वाहू लागला की तो वाफ उचलतो आणि तिचा बर्फ करून आमच्या डोक्यावर आणून ओततो. सालाकाठी सरासरी जवळजवळ आठ फूट!

"बर्फात असली मोटार म्हणजे पावसात पापड वाळत घालण्यासारखे आहे," ही म्हणाली. मी ऐकले नाही. नवऱ्यांनी ऐकले असते तर जगातले निम्मे विनोद जन्मालाच आले नसते.

पहिल्याच हिवाळ्यात प्रसाद मिळाला. एका चौकात दिवा हिरवा झाला, मी वळलो आणि जरा जोरात पाय दाबला. मागची चाके जागच्या जागी गरगरली. मग मोटारीचे शेपूट सावकाश, अगदी अदबीने, पुढे येऊ लागले. क्षणभराने पाहतो तो ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्याकडे माझे तोंड! नशिबाने चौक रिकामा होता. रात्री जेवताना ही गोष्ट मी घरात सांगितली नाही.

दोष मोटारीचा नव्हता. ज्या मोटारीत पुढची चाके ओढतात, तिथे इंजिनाचे वजन त्याच चाकांवर बसते आणि ती बर्फावर पाय रोवतात. मागची चाके ढकलणारी असली की ती हलकी पडतात आणि जोर जास्त झाला की सुटतात. पण खरा अपराधी होता टायर. पारा ७ अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या बारीक खाचा बर्फ धरून ठेवतात. आणि बदलायचे तर चारही बदलावे लागतात. नुसते मागचे बदलले तर मोटार पुढे जाते, पण वळायचे नाव घेत नाही!

चारही टायर बदलले. रविवारी पहाटे बंद दुकानाच्या मोकळ्या आवारात जाऊन मी एकटाच घसरण्याचा सराव करू लागलो. मागची बाजू सुटली की ब्रेकवर पाय न्यायचा नाही. जोर हळूच कमी करायचा, जिकडे जायचे तिकडे बघायचे आणि चाक तिकडेच वळवायचे. हे करताना मला अलका टॉकीजचा चौक आठवे. पहिल्या पावसात स्कूटर घसरू लागली की मागे बसलेले वडील ओरडत, "ब्रेक दाबू नकोस! समोर बघ!" पुण्याच्या चिखलात मिळालेली विद्या अशी बफेलोच्या बर्फात उपयोगी पडली.

तीन-चार हिवाळे निभावले आणि मला गर्व झाला.

२३ डिसेंबर २०२२. ही परिचारिका आहे. आपली मोटार घेऊन पहाटेच ती कामावर गेली होती. सकाळीच वादळ सुरू झाले आणि दुपारपर्यंत खिडकीतून समोरचे घर दिसेना. मोटारी रस्त्यावर काढायला बंदी झाली. तिच्या पाळीची माणसे येऊ शकली नाहीत, म्हणून ती तिथेच अडकली. संध्याकाळी मी किल्ली हातात घेतली आणि तिला फोन केला.

"मी येतो तुला न्यायला."

"त्या डबीतून?"

"अगं, हिवाळी टायर आहेत."

"टायर आहेत हो," ती शांतपणे म्हणाली, "रस्ता कुठे आहे? आणि पोरगी घरात एकटी राहील, त्याचे काय?"

माझ्या मोटारीचे पोट जमिनीपासून जेमतेम पाच इंच उंच. बर्फ त्याहून वर गेला की मोटार बर्फावर टेकते आणि चाके हवेत फिरल्यासारखी फिरतात. तिथे टायर काय करणार आणि वडिलांची शिकवण तरी काय करणार? हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण किल्ली हातात असली की ठाऊक असलेलेही आठवत नाही.

पंधरा वर्षांची मुलगी जवळ आली. काही न बोलता तिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि माझ्या हातातली किल्ली काढून खुंटीला अडकवली.

त्या वादळात चार फुटांहून अधिक बर्फ पडला. चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यांतली काही आपल्याच मोटारीत अडकून गेली. त्यांच्यातही कुणी घरच्या माणसाला आणायला निघाले असेल, या विचाराने मला अजून रात्री जाग येते.

चौथ्या दिवशी ही घरी आली. मी खोरे घेऊन दारातला बर्फ उपसत होतो. माझ्या मोटारीच्या जागी नुसता पांढरा उंचवटा होता. त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "हिवाळ्यात ही अशीच छान दिसते." आणि मग माझा हात धरून बराच वेळ काही बोललीच नाही.

पुढे मुलगी मोटार शिकली. त्याच मोकळ्या आवारात, त्याच लाल मोटारीत मी तिच्या शेजारी बसलो आणि ओरडलो, "ब्रेक दाबू नकोस! समोर बघ!" तिने चाक अलगद वळवले आणि मोटार सरळ झाली.

"आणि पहिला धडा कोणता, बाबा?" घरी आल्यावर तिने हसत विचारले.

मी उत्तर दिले नाही. किल्ली खुंटीला अडकवली.