तंबू कुठे ठोकू?

पाऊस ओसरला, रस्ते धुऊन निघाले, भात पिवळं पडलं, सायकलवरून भटकायला याहून चांगले दिवस नाहीत, असं भाचा ठासून सांगत होता. ऑक्टोबरच्या उन्हाबद्दल मात्र तो एक अक्षर बोलला नाही. १९२३ च्या ऑक्टोबरमध्येच मुंबईचे पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले होते. वसईहून निघालेल्या मला आगाशीतच धाप लागली.

तंबू, स्टोव्ह, पातेलं, पाणी असं सगळं कॅरिअरवर बांधलं की सायकल सायकल राहत नाही. किंचित चढ आला तरी पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल नाचू लागतं. "मामा, पाणी फ्रेममध्ये घ्या," भाचा म्हणाला. बाटल्या मधल्या त्रिकोणात अडकवल्या आणि हँडल ताळ्यावर आलं. का आलं, ते मला अजून नीट उमगलेलं नाही.

विरारपुढे वैतरणेची खाडी आडवी येते. पलीकडे रस्त्याने जायचं तर साठेक किलोमीटरचा वळसा; मारंबळपाड्याहून खारवाडेश्रीला रो-रोने मात्र पंधराएक मिनिटं. ही बोट २०२५ मध्ये सुरू झाली. मोटारींच्या मधोमध सायकल धरून उभा होतो, तर शेजारच्या बाईंनी विचारलं, "काका, काय विकता?"

पुढे जलसार, दातिवरे, कोरे, एडवण. कुठे कापणीला आलेलं भात, कुठे खाजण, अधूनमधून माडांच्या वाड्या. वाटेल तिथे थांबू, तंबू ठोकू, अशी माझी कल्पना. भाच्याने ती तिथेच मोडली. स्कॉटलंडमध्ये उघड्यावर तंबू ठोकायचा हक्क कायद्याने दिलाय. आपल्याकडे गुंठ्यागुंठ्याला धनी आहे. गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात, वाडी कुणाच्या तरी आजोबांची, जंगल वनखात्याचं. तुंगारेश्वर अभयारण्यात तर परवानगीशिवाय रात्र काढायचा विचारही करू नये. 'वाईल्ड कॅम्पिंग' म्हणजे आमच्याकडे आधी पोलीस पाटलांचं घर शोधणं.

केळव्याच्या अलीकडच्या एका गावात ते सापडले. आमची आधार कार्डं पाहिली, फोन नंबर लिहून घेतले आणि मग काळजीने विचारलं, "पडवी मोकळी आहे, पंखा आहे. बाहेर कशाला झोपता?" यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. भाच्याने हौस, अनुभव वगैरे काहीतरी सांगितलं. त्यांनी नाइलाजाने किनाऱ्यावरच्या सुरूंजवळची जागा दाखवली.

वाळूत तंबूची खुंटी टिकत नाही. ठोकली की बसते, दोरी ताणली की अलगद वर येते. त्यावर इलाज असा : पिशवीत वाळू भरायची, तोंडाला दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची. मग वारा कितीही ओढो. चौथी पिशवी पुरत होतो तेवढ्यात मांडवावरचे बोंबील गोळा करून परतणाऱ्या एक मावशी थांबल्या. "बाबा, आज पुनव आहे. पाणी इथवर येईल."

समोर ओहोटी, पाणी इतकं लांब की लाटांचा आवाजही येत नव्हता. मावशींनी हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट करायची, त्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे मध्यरात्रीच्या आसपास उधाण. मग वाळूवरची जुनी रेघ दाखवली. सुकलेलं शेवाळ, शिंपले, प्लास्टिकच्या बाटल्या. आमचा तंबू त्या रेघेच्या समुद्राकडच्या अंगाला होता. पुरलेल्या पिशव्या परत उकरल्या, सगळं सुरूंच्या आत नेलं.

पाटलांकडून कोजागिरीचं दूध आलं. बाराच्या सुमारास उठून पाहिलं तर पाणी रेघेला टेकलेलं. पहाटे वेगळाच गोंधळ. आभाळ निरभ्र आणि तंबू आतून ओला. दव बाहेर पडतं एवढंच मला ठाऊक होतं. श्वासाची वाफ आतल्या गार कापडावर पाणी होऊन साचते, हे तिथे कळलं. दोन्ही बाजूंची जाळी उघडी ठेवली की भिजणं कमी होतं, डासही अडतात.

जाणार असाल तर रो-रोची शेवटची फेरी आधी विचारून घ्या, किनाऱ्यावर मुक्काम असेल तर तिथी बघा आणि अंधार पडायच्या आत गावात पोचा. रात्री नऊला दार वाजवून जागा मागितली तर देणाऱ्यालाही संकोच होतो.