चूक की बरोबर, सकारण लिहा

सोमवार, ६ जानेवारी २०२५

पूर्वपरीक्षेचा समाजशास्त्राचा गठ्ठा घरी आणला. ‘माणूस जन्मतः गुन्हेगार असतो’ हे विधान मी मुद्दाम घातलं होतं. चूक की बरोबर, सकारण लिहा. जवळजवळ सगळ्यांनी ‘चूक’ लिहून गुण घेतले. कारणं गाइडातली: गरिबी, बेरोजगारी, निरक्षरता, वाईट संगत. त्यातल्याच एका उत्तरपत्रिकेत दोन पानं पुढे, व्यसनाधीनतेच्या टिपेत, वाक्य आहे की काही जातींमध्ये चोरी हा पिढीजात धंदाच असतो. अक्षर नेटकं, समास सोडलेला, आणि त्या वाक्याखाली पट्टीने ओढलेली रेघ. महत्त्वाचा मुद्दा म्हणून.

हा मुलगा वाईट नाही. गावाबाहेर पालं पडली की दारं लावून घ्या, एवढंच तो लहानपणापासून ऐकत आलाय. पण माझा अर्धा वर्ग पोलीस भरतीच्या तयारीत आहे. पहाटे धुक्यात हेळवाकच्या रस्त्यावर धावणारी पोरं ती हीच. भरतीच्या लेखी परीक्षेत गणित, बुद्धिमत्ता, व्याकरण, सामान्यज्ञान विचारतील. ही रेघ कुणी तपासणार नाही. ती ओढणारा हात एक दिवस ठाण्यात फिर्याद लिहून घेईल.

बारावीला गुन्हेशास्त्र हा विषय नाही. इंग्लंडमध्ये याच वयाच्या मुलांना तो स्वतंत्रपणे घेता येतो. आमच्याकडे ‘सामाजिक समस्या’ हे प्रकरण, आणि तेही शेवटचं, म्हणजे घाईत उरकायचं. बोर्डाला महिना उरलाय. मी ते पुन्हा पहिल्यापासून घेणार आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

ऑफिसातून स्टँप पॅड मागून घेतलं. प्रत्येकाने वहीच्या मागच्या पानावर डावा अंगठा उमटवला. शंख कुणाचा, चक्र कुणाचं, यावरून बाकाबाकांवर गलका. रासाटीच्या एका मुलीने आईचा अंगठा वेगळ्या कागदावर घरूनच आणला होता, कारण ‘आई सही करत नाही, तिचा कायम उमटवलेलाच असतो’. मायलेकींच्या अंगठ्यांत दोघींनाही चक्र, पण रेषा कुठे फुटतात ते निराळं. सगळा वर्ग त्या दोन ठशांवर वाकला होता.

मग सांगितलं. १८५८ साली बंगालमध्ये हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे ठेवणारी कचेरी निघाली. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचं मोठं काम होतं. पद्धत मात्र त्यांच्या वरिष्ठ हेन्रीसाहेबाच्या नावाने जगभर गेली. याचा राग मुलांना लगेच आला. बरं वाटलं.

पुढचं सांगताना वर्ग गप्प झाला. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तरेकडे, १९११ च्या नव्या कायद्याने आपल्या मुंबई इलाख्यातही. सरकारने एखादी जमात जाहीर केली, तिच्या लोकांची नावं नोंदवहीत चढली, की त्यांनी हजेरी द्यायची, गाव सोडायला परवानगी मागायची. आणि नोंद झालेल्या माणसाचे बोटांचे ठसे पोलिसांना केव्हाही घेता येत. गुन्हा घडायच्या आधीच. ‘म्हणजे आम्ही आत्ता दिले तसे?’ मागून एकाने विचारलं. हो, तसेच. तुम्ही हौसेने दिलेत.

इटलीतला लोम्ब्रोसो कवट्या, जबडे, कान मोजून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो म्हणाला, त्याचं पुस्तक आलं १८७६ मध्ये. आपल्याकडचा कायदा त्याच्या पाच वर्षं आधीचा. फळ्यावर दोन्ही सालं एकाखाली एक लिहून ठेवली.

सोमवार, १३ जानेवारी

भोगी. वर्ग अर्धा रिकामा. आलेल्यांनी फक्त नवी कलमं विचारली, कारण बाजारातल्या जुन्या पुस्तकांत अजून भारतीय दंड संहिताच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे: खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८. नवीन गोष्टींपैकी एकच नीट समजावली. चोरी पाच हजार रुपयांच्या आतली, पहिलाच अपराध आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा.

शनिवार, १८ जानेवारी

आज तास संपल्यावरही मुलं उठली नाहीत. विषय होता स्वतंत्रपूर.

आटपाडी तालुका आमच्या मुलांना दुष्काळामुळे माहीत. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, पुढे टेंभूला पाणी उपसून आटपाडीकडे नेतात, एवढं त्यांना येतं. त्याच आटपाडीजवळ १९३९ साली औंध संस्थानाने कैद्यांची वसाहत वसवली, तेच स्वतंत्रपूर. भिंत नाही. औंध आपल्या साताऱ्यातलं, खटाव तालुक्यातलं. त्याच वर्षी राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला होता. वसाहतीची कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची. पोलंडमध्ये जन्मलेला हा इंजिनिअर बंगळूरला कारखान्यावर आला आणि पुढे औंधच्या कामात ओढला गेला. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांनी माळ फोडून शेती करायची, कुटुंबासह राहायचं, असा हा प्रयोग.

ग. दि. माडगूळकरांचा जन्म याच भागातल्या शेटफळ्यातला. त्यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सहा कैदी आणि एक जेलर. मुलांनी नाव ऐकलं होतं, ते आपल्या शेजारच्या जिल्ह्याचं आहे हे माहीत नव्हतं. वसाहत आजही कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून चालू आहे, हे सांगितल्यावर तर प्रश्नांची झोड उठली. पळून जात नाहीत का? शेजारच्या गावातले लोक बोलतात का त्यांच्याशी? त्यांची पोरं शाळेत जातात का? आणि एक प्रश्न असा की मी क्षणभर थांबले: ‘मॅडम, ज्याचा खून झाला त्याच्या घरच्यांना हे चालतं का?’

हा प्रश्न मी टाळला नाही. खून झालेल्याच्या घरी परत काहीच येत नाही, आणि कैद्याच्या शेतात पीक चांगलं आलं म्हणून त्या घराचं दुःख कमी होत नाही. तरीही शिक्षा भोगून माणूस कधीतरी बाहेर येतोच. तो कसा होऊन यावा हे आपण ठरवायचं असतं, आणि औंधने ठरवलं. माझं मत वर्गात उघड आहे: स्वतंत्रपूर योग्य. पण विचारणाऱ्याने विरुद्ध बाजूने लिहावं असं मीच त्याला सांगितलं. वैयक्तिक प्रतिसादाच्या प्रश्नात दोन्ही बाजूंना गुण आहेत, कारण भक्कम हवं.

शुक्रवार, २४ जानेवारी

प्रकल्पाच्या वीस गुणांची धावपळ. वह्या, सह्या, तोंडी. पट्टीने रेघ मारणाऱ्या मुलाने प्रकल्पाचा विषय बदलून आणलाय: ‘विमुक्त जाती’. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ मी त्याला दिलं होतं. निदान पहिलं त्याने पूर्ण वाचलंय. माने फलटण तालुक्यातले, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, हे त्याने मलाच सांगितलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा तो कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, हेही ठळक अक्षरात.

तोंडीत विचारलं, कायदा गेला, शिक्का गेला का? तो म्हणाला, ‘नाही. तुरुंगात होता अजून.’ गेल्या ऑक्टोबरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी वर्गात वाचून दाखवला होता, तो त्याच्या ध्यानात होता. काही राज्यांच्या तुरुंग नियमावलीत कैद्यांना जात पाहून काम दिलं जाई, आणि विमुक्त जमातींचा माणूस सराईत गुन्हेगार धरला जाई. न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला ते नियम घटनाबाह्य ठरवले. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षं झाल्यावर.

पूर्ण गुण दिले. ते त्याचे होते.

सोमवार, १० फेब्रुवारी

उद्यापासून बोर्ड. हॉल तिकिटं सगळ्यांकडे आहेत, एकदा डोळ्यांनी पाहिली. शेवटच्या सूचना नेहमीच्याच: दहा गुणांच्या उत्तराला पंचवीस मिनिटं राखून ठेवा, टिपेत प्रस्तावना नको, फरक लिहिताना दोन रकाने करा.

सुटताना रासाटीची मुलगी मागे राहिली. पुस्तकात नसलेलं उदाहरण बोर्डाच्या पेपरात लिहिलं आणि तपासणाऱ्यांना ते ठाऊक नसलं तर गुण जातील का, अशी तिला भीती. तिला स्वतंत्रपूरबद्दल लिहायचं होतं. मी म्हटलं, आधी पुस्तकातला मुद्दा लिही, त्याखाली हे लिही. १९३९ घाल, औंध संस्थान घाल, आटपाडी तालुका, सांगली जिल्हा घाल. चार ओळींत बसव. तिने तिथेच दाराशी उभं राहून वहीच्या मागच्या पानावर, अंगठ्याच्या ठशाशेजारी, चार ओळी लिहून दाखवल्या. ‘कैदी’ची वेलांटी तेवढी दुरुस्त केली.