चिपळूण ते जेद्दा : सव्वापाच तासांचा हिशोब

मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर. थेट विमानाला पाच ते साडेपाच तास लागतात. उमराहला जाणाऱ्या प्रत्येकाला एजंट हेच सांगतो आणि ते खोटे नसते. मात्र आम्ही चिपळूणचे. मुंबईचा विमानतळ अडीचशे किलोमीटरवर, आणि महामार्गाची कृपा अशी की तेवढ्यालाच सात तास गेले. पहाटे तीनला निघालो ते दहाला पोहोचलो. विमान दुपारी दोनचे. 74 वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू अम्मी विमानात बसल्या तेव्हाच थकून गेल्या होत्या.

आखातातल्या एका शहरात विमान बदलणारे तिकीट स्वस्तात मिळत होते. त्यात अंतर फारसे वाढत नाही, पण मध्ये सात तास ताटकळावे लागते. सोबत वृद्ध असतील तर पैसे थोडे जास्त गेले तरी थेट विमानच घ्यावे, असे आमचे मत आहे.

आमची नानी हजला जहाजाने गेली होती. एडनच्या बाजूने, बाबुल मंदबच्या सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात शिरायचे. सुमारे 2,300 सागरी मैल, म्हणजे आठवडाभर तरी चहूकडे पाणीच. त्या दिवसांत लोक दुआ पाठ करीत, जाणत्यांना मसाइल विचारीत, आणि यलमलमच्या समोर येईपर्यंत सारे जहाज तयार असे. मुंबईहून हजची जहाजे 1995 मध्ये बंद झाली.

विमानात ती सवड नाही. मीकात जवळ आल्याची घोषणा उतरण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी होते आणि पाहता पाहता ती हद्द मागे पडते. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका तरुणाचा एहराम खाली सामानात गेला होता. त्याची धांदल पाहवेना. शेवटी कुणीतरी जादा चादरी दिल्या. तेव्हा गुसल घरीच करावे, एहराम मुंबईतच बांधावा, निदान हातातल्या पिशवीत तरी ठेवावा.

आता वेळेचे. वर्गात रेखावृत्ते शिकवताना आम्ही सांगतो की दर पंधरा अंशांना एक तास. चिपळूण ते जेद्दा अंतर साधारण 34 अंशांचे. घड्याळ अडीच तास मागे घ्यावे लागते, सूर्य मात्र सव्वादोन तासच मागे असतो. एरवी याने काही बिघडत नाही, पण आमचा प्रवास रमजानमधला होता. प्रवाशाला सवलत आहे, हे सांगूनही अम्मींनी रोजा ठेवलाच.

त्यांच्या घड्याळात पावणेसात वाजले. चिपळूणला मगरिब होत आली असेल. इकडे खिडकीत असरचे ऊन होते आणि मीकातची घोषणा चालू होती. अम्मींनी एकदा घड्याळाकडे, एकदा बाहेर पाहिले आणि तल्बिया सुरू केली.

उतरलो तेव्हा तिथे पावणेपाच वाजले होते. इमिग्रेशनची रांग, मग सामान, मग बस. मगरिबची अजान झाली तेव्हा अम्मींचे घड्याळ नऊ वाजून पाच मिनिटे दाखवत होते. शेजारच्या अनोळखी बाईंनी त्यांच्या हातावर तीन खजुरा ठेवल्या.