सूर्य मावळण्यापूर्वी

सुगीच्या दिवसांत घरभेटीस जाताना एक देखावा माझ्या वारंवार दृष्टीस पडतो. आत वेदीवर पवित्र शास्त्र स्वच्छ वस्त्रात गुंडाळून ठेवलेले असते. बाहेर अंगणात दिवसभर कापणी करून थकलेली बाई मजुरीसाठी तिष्ठत असते. ‘बाजाराच्या दिवशी ये,’ असे तिला सांगण्यात येते.

वस्त्र सोडून ग्रंथ उघडला, तर त्याला या अंगणाची पुरती माहिती आहे! अनुवादाच्या २४ व्या अध्यायात मोशे बजावतो की, मजूर आपल्यातला असो वा परका, त्याचे वेतन त्याच दिवशी, सूर्यास्तापूर्वी चुकते करावे. संत याकोब तर म्हणतो की, दाबून ठेवलेली मजुरीच आक्रोश करते आणि तो देवाच्या कानी जातो.

एका शेतकऱ्याने मला विचारले, “फादर, माल विकल्यावाचून रोकड आणू कोठून?” अडचण खरी आहे. पण मग ती सकाळीच, विळा हाती देण्यापूर्वी सांगावी आणि संध्याकाळी निदान पायलीभर धान्य पदरात घालावे.

पडलेली कणसे गरिबांसाठी सोडावीत, असा लेवीय ग्रंथाचा नियम आहे. त्याच नियमाच्या आधारे मवाबी विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली. संत मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचे नाव नोंदले आहे. रूथचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे. या आठवड्यात जपमाळेनंतर रोज एक अध्याय घरातील मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा.